निमखाऱ्या पाण्याची टाकी

शाळेत काचेची टाकी ठेवायची म्हटले, की गोड्या पाण्यातले रंगीत मासेच डोळ्यांसमोर येतात. त्याऐवजी १० लिटरच्या टाकीत चार-पाच लहान कोळंब्या आणि तेवढ्याच गोगलगायी ठेवून पाहाव्यात. द्रावणे, आम्ले, वायूंची विद्राव्यता, जीवाणूंचे काम असे पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले विषय तेथे एकत्र भेटतात. मात्र टाकी जितकी लहान, तितकी चूक लवकर भोवते. तलावात सहज विरून जाणारी घाण १० लिटरमध्ये विष ठरते. म्हणून टाकी भरण्यापूर्वी तिच्यात काय घडते, ते समजून घेतले पाहिजे.

खारटपणाचे गणित

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदी समुद्राला मिळते तेथे, म्हणजे खाडीत, हे प्रमाण कमी होते. त्या पाण्याला आपण निमखारे पाणी म्हणतो. कोकणातल्या खाड्यांमध्ये उन्हाळ्यात ते बरेच खारट असते, तर पावसाळ्यात पुष्कळदा जवळजवळ गोडे होते. तेथील प्राण्यांना हा बदल सोसतो, पण तो हळूहळू झाला तरच. शरीरातील क्षारांचा तोल सांभाळण्यासाठी त्यांना ऊर्जा खर्च करावी लागते. अचानक बदलात हा तोल ढळतो.

तीन भाग समुद्राचे पाणी आणि चार भाग गोडे पाणी मिसळले, की लिटरमागे सुमारे १५ ग्रॅम क्षार असलेले पाणी मिळते. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. समुद्राचे पाणी मिळत नसेल, तर स्वयंपाकाचे मीठ हा पर्याय नव्हे. ते जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी ०.४ ग्रॅम कॅल्शियम व पोटॅशियमही असते. मिठागरात मीठ धरल्यावर उरलेल्या कडू पाण्याबरोबर यातला मॅग्नेशियमचा मोठा भाग निघून जातो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे तयार समुद्री क्षारांचे मिश्रण घ्यावे.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा. १० लिटर टाकीतले दोन लिटर पाणी आटले, तर भर कोणत्या पाण्याची घालायची? पुष्कळजण 'त्याच निमखाऱ्या पाण्याची' असे उत्तर देतील. पण आटते ते फक्त पाणी. टाकीतले १५० ग्रॅम क्षार तसेच उरतात आणि ८ लिटरमध्ये त्यांचे प्रमाण लिटरमागे जवळजवळ १९ ग्रॅम होते. निमखाऱ्या पाण्याची भर घातली, तर आणखी ३० ग्रॅम क्षार वाढतील. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची. काचेवर रेघ आखून रोज थोडे-थोडे पाणी घालावे. दोन लिटर एकदम ओतू नये.

न दिसणारे विष

कोळंबी आणि गोगलगाय आपला नत्रयुक्त मळ मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. उरलेले अन्न सडूनही अमोनियाच तयार होतो. त्याचा काही भाग अमोनियम आयनांच्या रूपात असतो, तो फारसा घातक नसतो. घातक असतो तो मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याचा सामू ७ असेल, तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का असतो. सामू ८ झाला, की तो सुमारे पाच टक्के होतो. निमखारे पाणी अल्कधर्मीय असल्याने हा धोका तेथे अधिक असतो.

येथे जीवाणू मदतीला येतात. एका गटातले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचे नायट्रेट. ते वाळूवर, दगडांवर आणि काचेवर वस्ती करतात. ही वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकीत वाळू, दगड आणि चिमूटभर अन्न घालून ती प्राण्यांविना चालू ठेवावी. वर्गात हा काळ कंटाळवाणा वाटतो खरा. पण नव्या टाकीतले प्राणी दगावतात, ते बहुधा ही वाट न पाहिल्यामुळेच.

या क्रियेत आम्लही तयार होते. सामू हळूहळू उतरतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे शंख झिजू लागतात. गोगलगायीच्या शंखाचे टोक पांढुरके, खडबडीत दिसू लागले, की पाण्याचा सामू तपासावा. तिसऱ्या किंवा कालवांचे शिंपले धुऊन, फोडून वाळूत मिसळले, तर ते आधी विरघळतात आणि सामू सावरतात. कोळंबीलाही कात टाकल्यावर नवे कवच टणक करण्यासाठी कॅल्शियम लागते. टाकलेली कात म्हणजे मेलेली कोळंबी समजून ती काढून टाकू नये. पुष्कळदा कोळंबी ती स्वतःच खाते.

तांबे: हवे आणि नको

आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. कोळंबीत आणि बहुतेक गोगलगायींत हे काम हिमोसायनिन करते आणि त्यात तांबे असते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अगदी अल्प प्रमाणातही या प्राण्यांना मारक ठरते. गोगलगायींच्या नाशासाठी मोरचूद वापरले जाते, ते याचमुळे. तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यातले पाणी आणि तांबेयुक्त मत्स्य-औषधे टाकीपासून दूर ठेवावीत. डासांसाठी फवारायच्या औषधांतील पायरेथ्रॉइड गटाची रसायनेही कोळंबीला घातक असतात, कारण कीटक आणि कोळंबी दोघेही संधिपाद आहेत.

मेली नाही म्हणजे निरोगी?

हवाई बेटांवर लाव्हाच्या खडकांत निमखाऱ्या पाण्याची डबकी आहेत. त्यांचा समुद्राशी वरून संबंध नसतो, मात्र खडकांच्या भेगांतून खारे पाणी आत येते. तेथे 'ओपे उला' ही जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची तांबडी कोळंबी राहते. तिचे शास्त्रीय नाव हॅलोकॅरिडिना रुब्रा. ती इतकी चिवट आहे, की काचेच्या बंद गोळ्यात शेवाळासह घालून 'स्वयंपूर्ण जग' म्हणून विकली जाते. पण त्या गोळ्यात तिला अन्न अपुरे पडते आणि बहुधा काही वर्षांतच ती संपते. उघड्या टाकीत नीट सांभाळलेली ओपे उला दहा वर्षांहूनही अधिक जगते. गोळ्यातली कोळंबी हलते आहे, एवढ्यावरून सारे ठीक आहे असे मानणारा माणूस तिची चिवटाई पाहत असतो, तिचे आरोग्य नव्हे.

आरोग्याच्या खुणा वेगळ्या असतात. कोळंबी दिवसभर काहीतरी वेचत असते, ठराविक काळाने कात टाकते आणि तिचे शरीर पारदर्शक राहते. ते दुधाळ झाले, की काहीतरी बिघडले आहे. गोगलगाय वाळूवर सरकत असते. ती सतत पाण्याबाहेर चढू लागली, तर पाणी तपासावे. शंखात मेलेली गोगलगाय वासावरून ओळखू येते. ती लगेच काढावी, नाहीतर एका मृत्यूमागून दुसरा येतो.

टाकीसाठी खाडीतल्या काचेसारख्या पारदर्शक, मुळात लहान जातीच्या कोळंब्या निवडाव्यात. मोठ्या जातींची पिल्ले टाकीत मावेनाशी होतात. गोगलगायींत लांब, स्क्रूसारख्या शंखाची मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा ही सोयीची. मुलरने १७७४ मध्ये तिचे वर्णन केले, ते कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. ती गोड्या पाण्यात राहते आणि निमखारेही सोसते. दिवसा वाळूत शिरून ती वाळू मोकळी ठेवते. एकटी मादीही पिल्ले देते, त्यामुळे संख्या भराभर वाढते. ही वाढ म्हणजे अन्न जास्त पडत असल्याची खूण! काही कृमींचे डिंभ तिच्या शरीरात वाढतात, म्हणून टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत आणि वाढलेल्या गोगलगायी कोणत्याही ओढ्या-तळ्यात सोडू नयेत.

सामू, तापमान, खारटपणा आणि टाकलेल्या काती यांची नोंदवही आळीपाळीने विद्यार्थ्यांनी ठेवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीकडे कोण पाहणार, हेही आधीच ठरवावे. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत वेगाने आटते आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. ज्या शाळेत ही सोय होऊ शकत नाही, तिने मुलांना खाडीकाठी न्यावे आणि कोळंबी तिथेच पाहावी.