रंगवलेला घोडा

हैदराबादच्या अफझलगंजात, मुसीच्या काठावर, स्टेट सेंट्रल लायब्ररीची भलीथोरली इमारत आहे. संस्था 1891 ची. जुनी माणसं अजून तिला ‘आसफिया’च म्हणतात. बाहेर बसगाड्यांचे हॉर्न, किराण्याच्या पोत्यांची चढउतार. आत पंख्यांची घरघर. निजामाच्या पागेविषयी काही सापडतंय का बघायला मी गेलो होतो आणि अडकलो बादशहा जहांगीरच्या आठवणींत, एका पट्टेरी जनावरापाशी.

साल 1621. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, तुर्की व्यापाऱ्यांनी आणलेलं एक जनावर मीर जाफर नावाच्या सरदाराने दरबारात पेश केलं. घोड्याएवढं नाही, गाढवासारखं म्हणावं तर तसंही नाही, आणि नाकपुडीपासून शेपटीपर्यंत काळे-पांढरे पट्टे. दरबाऱ्यांना एकच शंका: कुणीतरी घोडा रंगवून आणलाय! मग नीट पारख झाली. रंग काही निघेना. पट्टे जन्माचेच ठरले.

जहांगीरने तो झेब्रा उस्ताद मन्सूरकडून चितारून घेतला. मन्सूरला त्याने ‘नादिर-उल-असर’ किताब दिला होता, म्हणजे त्या काळातला अजोड. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ना डोंगर, ना झाडं, ना राजा. नुसतं ते जनावर, तोंडाला मोरकी, आणि गुडघ्यापाशी बारीक होत जाणारा प्रत्येक पट्टा मोजावा इतका स्वच्छ. घोड्याचं चित्र म्हटलं की आपल्याला पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन आठवतात. त्यांचे घोडे उधळतात. मन्सूरचा झेब्रा निमूट उभा आहे, कारण चितारी त्याला बघतोय. जहांगीरचा बाप अकबर, त्याच्या अकबरनाम्यातही रानगाढवांचं चित्र आहे, पण ते शिकारीचं. बापाच्या चित्रात जनावर सावज, मुलाच्या चित्रात नवल. हा फरक मला एका पिढीच्या मानाने फार मोठा वाटतो.

झेब्रा नंतर भेट म्हणून इराणच्या शाह अब्बासकडे रवाना झाला. पण दरबाऱ्यांना पट्टे बघून जो प्रश्न पडायला हवा होता, तो मागेच राहिला: हे पट्टे कशासाठी? लपायला, अंग थंड ठेवायला, एकमेकांना ओळखायला, अशी उत्तरं पुढे बरीच आली. आज सगळ्यांत भक्कम वाटणारं उत्तर आहे माशी. रक्त पिणारी, चावली की जनावराला उधळायला लावणारी गोमाशी.

2019 मध्ये संशोधक टिम कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या साध्या घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि पट्टेरी झुली घातल्या. माश्या सगळ्यांभोवती सारख्याच घोंगावल्या, पण पट्टेरी झुलीवर फारच कमी बसल्या. उघड्या डोक्यावर मात्र तितक्याच बसल्या! चित्रफितींत दिसलं की पट्ट्यांजवळ आल्यावर माशीला वेग कमी करणं जमत नाही. ती आपटते किंवा भर्रकन पुढे निघून जाते. गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला बेगमबाजारात जे होतं, तेच.

त्याच वर्षी जपानी संशोधकांनी दरबाऱ्यांची शंका अक्षरशः खरी करून दाखवली. काळ्या गाईंवर त्यांनी पांढरे पट्टे रंगवले, आणि चावणाऱ्या माश्या जवळपास निम्म्यावर आल्या. नुसत्या काळ्या रंगाचे पट्टे ओढून मात्र काही उपयोग झाला नाही. म्हणजे गुण रंगाच्या वासाचा नव्हता, पट्ट्यांचाच होता.

हे वाचून मला कच्छ आठवलं. झेब्र्याचा भारतातला भाऊबंद म्हणजे घुडखर, छोट्या रणातलं रानगाढव. मातकट-पांढरं अंग, पाठीवरून जाणारी एक गडद रेघ, पट्टे नाहीत. 1960 च्या सुमारास आधी घोड्यांचा आफ्रिकी ज्वर आला, मग सर्रा. सर्राचा सूक्ष्म परजीवी रक्तात राहतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला तो 1880 मध्ये डेरा इस्माइल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात दिसला होता. तो एका जनावरातून दुसऱ्यात नेते तीच गोमाशी. (रक्त पिणाऱ्या किड्यांचं कोडं या शहराला नवं नाही. 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, तो इथेच बेगमपेटला.) कधी काळी हजारोंनी असलेली घुडखरं त्या दशकात 362 वर आली. 1973 मध्ये 4,954 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, आणि 2024 च्या गणतीत आकडा 7,672 निघाला.

चित्राने रान वाचतं का? त्याच 1973 सालची एक गोष्ट आहे. डेव्हिड शेपर्ड या इंग्रज चित्रकाराने ‘टायगर फायर’ नावाचा वाघ रंगवला आणि त्यातून भारतातल्या व्याघ्रप्रकल्पासाठी 1,27,000 पौंड उभे राहिले. घुडखराला असा चितारी मिळाला नाही. वाघ भिंतीवर शोभतो, गाढव कोण लावणार?

पण चित्र पैशांखेरीज साक्षही देतं. फ्रान्समध्ये पेश मेर्ल गुहेच्या भिंतीवर 25,000 वर्षांपूर्वीचे ठिपकेदार घोडे आहेत. ठिपके मंत्रतंत्राचे किंवा कल्पनेतले, असं कित्येक अभ्यासक समजत. 2011 मध्ये 31 प्राचीन घोड्यांच्या हाडा-दातांतला डीएनए तपासला, तर सहा घोड्यांत ठिपक्यांचं जनुक निघालं. गुहेतल्या त्या माणसाने मन्सूरसारखंच, जे दिसलं ते काढलं असावं.

हंगेरीतल्या संशोधकांच्या प्रयोगांत तर ठिपक्यांवरही गोमाश्या कमीच आल्या. ठिपके जितके लहान आणि दाट, तितक्या आणखी कमी. आणि आमच्या मराठवाड्यात पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठिपके उठवतात! येत्या पोळ्याला आतेभावाच्या गोठ्यात वही-पेन्सिल घेऊन बसायचं ठरवलंय. एका बाजूला रंगवलेला बैल, दुसऱ्या बाजूला कोरी म्हैस. आत्या पुरणपोळीला हाक मारेपर्यंत माश्या मोजायच्या.