परकी राणी

मृगाचा पाऊस पडून गेला, कीं गोंदियाजवळच्या नागरा गांवीं, प्राचीन शिवालयाभोवतींच्या वस्तींत काय किंवा धानाच्या बांधांवर काय, तिन्हीसांजेला दिव्याभोंवतीं पंखांच्या मुंग्या जमूं लागतात. त्यांतील एखादी जाडजूड मादी पंख गाळून भिंतीच्या कडेनें बिळाची जागा शोधीत हिंडते. ही काळ्या मुंगळ्यांची भावी राणी. हिला बरणींत ठेवावें, सोबतीला अंगणांतले दहा-वीस मुंगळे सोडावे आणि तिचें राज्य वाढतांना पाहावें, असा मोह जिज्ञासु मुलास होतोच. (मुंगळा शब्द पुल्लिंगी खरा, पण कामकरी मुंगळे सारे माद्याच.) बहुधा दुसऱ्या सकाळीं राणी पाय तुटून मरून पडलेली आढळते.

दासींना धनीण नको असते, असें नव्हे. मुंगीच्या कवचावर मेणासारख्या हायड्रोकार्बन द्रव्यांचा पातळ लेप असतो आणि त्या द्रव्यांचें परस्परप्रमाण बिळागणिक निराळें असतें. शृंगिकांनीं चांचपतांच आपपर कळतें. आगंतुक मादी राणी आहे, यापेक्षां ती परकी आहे, हेंच मग निर्णायक ठरतें. पॉलिएर्गस जातीची राणी याच नियमाचा लाभ उठविते. ती दुसऱ्या जातीच्या वारुळांत शिरते, तेथील राणीस चावून मारते आणि तिचा गंध आपल्या अंगीं घेते. मग त्याच दासी मारेकरणीची सेवा करूं लागतात!

मधमाश्यांच्या उदाहरणानें येथें फसगत होते. मधपाळ नवी राणी जाळीच्या पिंजऱ्यांत घालून पेटींत ठेवतो आणि कांहीं दिवसांनीं माश्या तिला आपली मानतात. मुंग्यांच्या बाबतींत हा उपाय भरंवशाचा नाहीं.

साधतो तो उपाय कोशांचा. ज्यांना लोक मुंगीचीं अंडीं म्हणतात, ते पिंवळसर लांबट दाणे म्हणजे बहुधा कोशच. कोशांतून नुकती निघालेली मुंगी फिकट व मऊ असते. आरंभीं ज्यांच्या सहवासांत राहील, त्यांचा गंध ती आपला मानते. एडेल फील्ड या अमेरिकन विदुषीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं भिन्न जातींच्या नवजात मुंग्या एकत्र नांदवून हें दाखविलें. म्हणून राणीच्याच जातीचे चार-दोन कोश तिच्याजवळ ठेवले, तर त्यांतून निघणाऱ्या दासी तिला सहसा स्वीकारतात.

खरें पाहतां मुंगळ्यांच्या राणीला तेवढ्याचीहि गरज नसते. अंधार, ओलसर कापूस आणि निवांतपणा मिळाला, कीं ती अंडीं घालते व बाहेरचा घांस न घेतां, निरुपयोगी झालेल्या पंखांचे स्नायु अंगांत जिरवून पहिलीं पिलें पोसते. हीं पहिलीं अपत्यें खुजीं असतात; पण अन्न आणण्याचें काम तींच पत्करतात. घाईनें मारविलेल्या राणीचें आयुष्य केवढें असूं शकतें? सर जॉन लबक यांनीं इंग्लंडांत १८७४ सालीं पाळलेली, मुंगळ्याहून निराळ्या जातीची एक राणी १८८८ पर्यंत जगली.