कंडेन्सर माईकला सप्लाय लागतोच

नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत एक वाक्य ऐकून कान किटले आहेत: ‘कंडेन्सर माईकला सप्लाय कशाला? त्यात चार्ज कायमचा भरलेला असतो.’ प्रोजेक्ट करणारी पॉलिटेक्निकची पोरं हे म्हणतात, शिकवणीचे व्हिडिओ काढणारे सर म्हणतात आणि कहर म्हणजे रिपेअरिंगवालेही म्हणतात. मग शर्टाच्या बटणाएवढी ती कॅप्सूल थेट अँप्लिफायरला जोडायची, आवाज आला नाही की ‘डेड आहे’ म्हणून फेकायची आणि दुसरी आणायची. दुसरीही ‘डेड’ निघते. निघणारच.

गंमत अशी की, वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. १९१६ साली ई. सी. वेंटे यांनी कंडेन्सर माईक बनवला, तेव्हा त्याच्या पडद्याला बाहेरून भरपूर व्होल्टेज द्यावा लागे. १९६२ मध्ये बेल लॅबमधल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ प्लास्टिकच्या पडद्यात चार्ज टिकवून ठेवला आणि ती कटकट संपवली. त्यांचं पेटंट १९६४ चं आहे. आज बाजारात मिळते ती इलेक्ट्रेट कॅप्सूल याच वंशातली.

पण वाचला तो पडद्याचा व्होल्टेज, माईकचा सप्लाय नव्हे. पडदा आणि मागची पट्टी मिळून होणारा कपॅसिटन्स अगदीच किरकोळ असतो. तो १० पिकोफॅरॅड धरला तरी १०० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १६ कोटी ओहम होतो. असला सिग्नल काही हजार ओहमच्या इनपुटला जोडला, तर पलीकडे पोचणार काय? म्हणून त्याच डबीत एक एफईटी, म्हणजे छोटा ट्रान्झिस्टर, बसवलेला असतो. तो सिग्नल पेलतो आणि पुढे ढकलतो. सप्लाय लागतो तो या एफईटीला. विश्वास नसेल तर कुठल्याही दोन पायांच्या कॅप्सूलची डेटाशीट उघडा: साधारण दीड ते दहा व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा मिलीअँपियर, असंच काहीसं छापलेलं सापडेल.

हेच लोक माईक तपासताना काय करतात, ते बघण्यासारखं आहे. काट्याचा मीटर ओहमवर लावतात, माईकवर फुंकर मारतात आणि काटा हलला की ‘चांगला आहे’ म्हणतात. अहो, ओहमच्या रेंजवर मीटरच्या पोटातली बॅटरी त्या माईकला करंट देत असते! सप्लाय लागत नाही म्हणणारा माणूस स्वतःच्या हाताने सप्लाय देऊन माईक पास करतो.

दुसरा युक्तिवाद: ‘मोबाइलला लावला तर चालतो की!’ चालतो, कारण माईकला लागणारा व्होल्टेज मोबाइल आपल्या जॅकमधूनच पुरवतो. अँप्लिफायरचं तसं नाही. भजनी मंडळाच्या हातातला माईक बहुतेक वेळा डायनॅमिक असतो. त्यातली कॉइल चुंबकात हलून स्वतःच सिग्नल तयार करते, म्हणून जुन्या अँप्लिफायरच्या इनपुटला व्होल्टेज दिलेलाच नसतो. तिथे कॅप्सूल मुकी राहिली, यात कॅप्सूलचा दोष नाही आणि अँप्लिफायरचाही नाही.

सर्किट चार गोष्टींचं आहे. ९ व्होल्टची बॅटरी, तिच्या प्लसपासून माईकच्या प्लसपर्यंत १० किलो-ओहमचा रेझिस्टर, त्याच सांध्यावरून १ ते १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि त्याच्या पलीकडे आउटपुट. कॅप्सूल उलटी करून पाहा: ज्या पायापासून बाहेरच्या डबीपर्यंत तांब्याच्या रेघा गेल्यात, तो ग्राउंड.

आवाज नसेल तर फेकण्याआधी माईकच्या दोन पायांवर डीसी व्होल्टेज मोजा. एफईटीने ०.३ मिलीअँपियर घेतला, तर रेझिस्टरवर ३ व्होल्ट पडतात आणि माईकवर ६ उरतात. पूर्ण ९ दिसले तर करंट वाहतच नाही. सोल्डर सुटलं असेल किंवा एफईटी खरोखर गेला असेल. शून्य दिसलं तर शॉर्ट शोधा किंवा सप्लाय तिथवर पोचतोय का ते बघा. मधला आकडा असूनही आवाज नसेल तर पाय उलटे लागलेत का ते पाहा, मग आउटपुटचा कपॅसिटर आणि पुढची वायर तपासा. खरी मेलेली कॅप्सूल या यादीत अगदी शेवटी येते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘व्होल्टेज वाढवला की आवाज वाढतो’: फारसा नाही, आणि स्टुडिओतला ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय या उघड्या कॅप्सूलसाठी नाहीच. ‘कपॅसिटर कुठलाही चालतो’: १० किलो-ओहमच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरॅड लावला तर १६० हर्ट्झच्या खालचा आवाज गळायला लागतो आणि भारदस्त सर किनरे ऐकू येतात. ‘कंडेन्सर लांबचा आवाज ओढतो’: ओढत नाही, माईक तोंडापासून दूर ठेवून गेन वाढवला की वर्गातला पंखाही तेवढाच वाढतो. अंतर निम्मं करा, थेट आवाज ६ डेसिबलने चढेल.

आणि ‘घुंऽऽ आवाज येतो म्हणजे माईक खराब’. बॅटरीऐवजी चार्जर लावला असेल तर तो काढून बॅटरी लावा. घुमणं थांबलं तर दोष सप्लायचा. मग चार्जर आणि १० किलो-ओहमच्या रेझिस्टरच्या मध्ये १ किलो-ओहम घाला आणि त्या दोघांच्या सांध्यावरून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरॅड द्या; १०० हर्ट्झची घरघर साठेक पटीने उतरते. बॅटरीवरही घुमत असेल तर साधी वायर काढून शिल्डेड वायर घाला आणि तिची जाळी ग्राउंडला जोडा.