राडारोड्याची खडी

काँक्रीटमध्ये कोणती खडी-वाळू चालेल हे सांगणारे आयएस 383 हे भारतीय मानक. त्याच्या 1970 च्या आवृत्तीच्या शीर्षकातच माल नैसर्गिक स्रोतांतला असावा अशी अट होती. फोडलेल्या स्लॅबचा तुकडा कितीही टणक असो, कागदोपत्री त्याला थारा नव्हता. ही अट निघाली 2016 मध्ये. मधल्या 46 वर्षांत आपण इमारती पाडल्या, सळई भंगारात विकली आणि उरलेला राडारोडा खाडीत, खारफुटीत, जमेल तिथे लोटला.

तंत्र ठाऊक नव्हते म्हणून हे झाले नाही. महायुद्धानंतर जर्मनीत बेचिराख शहरांमधल्या विटांचा चुरा करून त्याचे काँक्रीट घालत होते आणि 1951 साली त्यासाठी मानकही आले होते. आपल्याकडे दिल्लीत बुराडीला राडारोड्याचा पहिला मोठा प्रकल्प उभा राहिला तो 2009 च्या सुमारास. मुंबईने 2006 मध्येच डेब्रिजचे स्वतःचे नियम केले, पण त्यांचा रोख मुख्यतः डेब्रिज कुठे टाकायचे यावर होता.

नवे मानकही हात राखूनच परवानगी देते, आणि ते योग्यच आहे. सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम 25 प्रतीपर्यंतच, जाड खडीपैकी 20 टक्के जुने काँक्रीट फोडून काढलेली चालते. बिनसळईच्या काँक्रीटमध्ये 25 टक्के. एम 15 खालच्या प्रतीच्या बिनसळईच्या काँक्रीटमध्ये मात्र सगळीच चालते. हात राखण्याचे कारण क्रशरमधून निघालेला एक तुकडा हातात घेतला की कळते. आत काळा कातळ असतो, पण त्याच्या अंगाला जुन्या सिमेंट-वाळूचा करडा थर चिकटलेला असतो. तुकडा पाण्यात टाका, बुडबुडे येतात. काळ्या दगडाची खडी साधारण एखादा टक्का पाणी पिते, ही सहज पाच टक्के पिते. आधी भिजवून घेतली नाही तर मिक्सरमधले पाणी शोषून घेते, माल आवळतो, आणि साइटवरचा माणूस वरून पाणी ओततो. काँक्रीट कमजोर होते ते तिथे. खडी बिचारी उगाच बदनाम होते.

2016 च्याच केंद्रीय नियमांनी महिन्याला 300 टनांवर राडारोडा काढणाऱ्या प्रकल्पाला काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळे करणे बंधनकारक केले. पुढे 28 ऑगस्ट 2022 ला नोएडाचे जुळे मनोरे काही सेकंदांत पाडण्यात आले. अंदाजे 80,000 टनांचा ढीग झाला. सगळ्या देशाने पडझड पाहिली; त्यानंतर महिनोन्‌महिने चाललेले तोडणे, निवडणे, वाहणे फारसे कोणी पाहिले नाही.

आता मुंबईसाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळ डायघरला रोज प्रत्येकी 600 टन क्षमतेचे प्रकल्प आले आहेत. शहरभर पुनर्विकास चालू असताना हे फार गरजेचे होते. पण क्रशरला माल स्वच्छ मिळाला तरच खडी चांगली निघेल. जिप्समचे छत, पीओपी, फरशा, लाकूड स्लॅबसोबत एकाच डंपरमध्ये भरले तर जिप्सममधले सल्फेट पुढे नव्या काँक्रीटला खाते. म्हणून पाडकामाच्या परवानगीतच क्रम लिहून द्यावा: आधी छत, फरशा, दारे-खिडक्या निघतील, नंतरच ब्रेकर लागेल. ठेकेदाराला यात चार दिवस जादा लागतात. त्या दिवसांचे पैसे निविदेत धरले पाहिजेत, आणि महापालिकेने आपल्या फुटपाथ-गटारांच्या कामात हीच खडी आधी वापरली पाहिजे.