शिधा तिच्या नावाचा, ताट मात्र शेवटचं

गेल्या पावसाळ्यात औशातल्या एका वस्तीत गेले होते. सहा महिन्यांची गरोदर सून, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. विचारलं, "अंगणवाडीचा शिधा मिळतो का?" म्हणाली, "मिळतो की. पण ताई, घरात पाच माणसं. सगळ्यांच्याच पोटात जातोय." नवरा दारातच बसला होता. म्हणाला, "सिस्टर, तो शिधा हिच्या एकटीसाठी हाय, हे मला कुणी सांगितलंच नाही."

तो खरं बोलत होता. नर्स म्हणून नोकरी करताना मीही कुठल्या नवऱ्याला हे सांगितलं नव्हतं. तपासणीला बाई आत, नवरा बाहेर. "गोळ्या का खात नाहीस?" म्हणून मी तिलाच रागवायचे. घरात आधी कोण जेवतं, हे कधी विचारलंच नाही.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातेला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा पूरक आहार देण्याचं तिचं प्रमाण आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो तिचा हक्क झाला. पूरक म्हणजे घरच्या जेवणावर जास्तीचा. तो पाच जणांत वाटला, तर तिच्या वाट्याला १२० कॅलरी येतात, एका भाकरीएवढ्याही नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळपास ४६ गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं.

राज्याच्या आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागातही ती आहे. तिथे गरोदर बाई अंगणवाडीतच बसून भाकरी-भात, डाळ, भाजी असं गरम जेवण जेवते, म्हणजे घास तिच्याच पोटात जातो. आपल्याकडे शिधा घरी येतो आणि घरची रीत पुढं चालते: आधी पुरुष, मग लेकरं, मग सासूबाई, शेवटी सून. तवर कोरड्यास संपलेलं असतं. सासूबाईंनीही उमेदीत असंच खाल्लेलं असतं, म्हणून त्यांना त्यात वावगं वाटत नाही. त्यात "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं," हा गैरसमज. आणि सोयाबीनच्या खुरपणीला आठव्या महिन्यापर्यंत जायचंच.

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. जे त्यांनी सरकारकडे मागितलं, ते आपण आपल्या चुलीपाशी देतो का?

घरोघरी एवढं करा:

१. शिधा वेगळ्या डब्यात ठेवा. तो तिचाच. तिचं ताट सगळ्यांसोबत वाढा. रोजच्यापेक्षा एक भाकरी, एक वाटी डाळ जास्त. अंडं, शेंगदाणे-गूळ, शेवग्याचा पाला, मेथी हे स्वस्तातलं खाणं.

२. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८०. चहा-दुधासोबत नको, लिंबू चालतं. शौच काळी होते, घाबरू नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

३. नवऱ्याने तपासणीला सोबत जावं आणि हिमोग्लोबिनचा आकडा स्वतः विचारावा. अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी. सातच्या खाली असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं.

४. पाणी भरणं, सरपण, जड ओझं घरातल्या इतरांनी उचलावं.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतं. त्यातला एक दिवस अर्धा तास या विषयाला द्या. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना बोलवा. पण त्या दिवशी समोरच्या सतरंजीवर नवरे आणि सासूबाई बसल्या पाहिजेत. गरोदर बायांनी हे सगळं कितीदा ऐकलंय. ऐकायचं राहिलंय ते बाकीच्या घराचं.

जय भीम!