स्वतःची गाडी, मालकाचे काम आणि प्राप्तिकर

दिघीच्या धक्क्यावर सकाळी आगरदांड्याच्या जंगराची वाट पाहत मोटारसायकलवाले उभे असतात. खाडीला वळसा घालून म्हसळ्यावरून जावयाचे तर पेट्रोलही जाते आणि दिवसही जातो, म्हणून गाडी जंगरात घालावी लागते. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, तिकीटही स्वतःचे. काम मात्र पुष्कळदा दुसऱ्याचे.

अशाच एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने मागे आमच्यापुढे पावत्यांची पिशवी ओतली. पेट्रोल, जंगर, दोन टायर, विम्याचा हप्ता, सारे महिनेवार लावलेले. "दादा, एवढे करातून वजा होईल ना?" होणार नाही, हे सांगताना आम्हांलाच ओशाळल्यासारखे झाले.

कायद्याची वाट अशी आहे. धंदा करणाऱ्याने गाडी धंद्यासाठी वापरली, तर पेट्रोल, दुरुस्ती, विमा आणि घसारा, हे सारे नफ्यातून वजा होते. गाडी घरकामालाही वापरली, तर धंद्याच्या वाट्यापुरतेच होते. (ढोबळ टक्केवारीने नफा दाखविणाऱ्या लहान दुकानदाराला मात्र पेट्रोल वेगळे मागता येत नाही, ते त्या टक्केवारीतच आले, असे धरतात.) पगारदाराला हा दरवाजाच नाही. त्याला एक ठोक प्रमाणित वजावट मिळते. मग तो दिवसाकाठी शंभर किलोमीटर फिरो की खुर्चीवर बसून राहो.

पूर्वी असे नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ चा प्राप्तिकर कायदा झाला तेव्हा नोकरीच्या कामासाठी स्वतःचे वाहन वापरणाऱ्याला त्याचा खर्च आणि झीज वजा करून देणारे स्वतंत्र पोटकलम त्यात होते. १९७४ च्या वित्त कायद्याने ते काढले आणि सर्वांना मिळून प्रमाणित वजावट दिली; तिची कमाल मर्यादा ३,५०० रुपये होती. हिशेब सोपा झाला, पण फिरणारा आणि बसणारा एकाच मापात आले. २००५ मध्ये तीही वजावट गेली आणि २०१८ मध्ये ४०,००० रुपये होऊन परतली. नव्या करपद्धतीत २०२४ मध्ये ती ७५,००० रुपये झाली. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, तरी पगारदाराचे पेट्रोल वेगळे वजा करण्याची सोय काही परत आली नाही. अमेरिकेतही २०१८ पासून नोकरदाराची ही वजावट बंदच आहे.

मग पगारदाराला वाट कोणती? ती मालकाच्या दारातून जाते. कामावर असताना करावयाच्या प्रवासासाठी मालकाने भत्ता दिला, तर त्यातील प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम करमुक्त राहते. नव्या करपद्धतीतही राहते. मात्र मालकाने स्वतः वाहन पुरविलेले नसावे. येथे एक घोटाळा नेहमी होतो. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास यात येत नाही. त्यासाठी महिना १,६०० रुपयांपर्यंतची वेगळी सूट होती. ती २०१८ मध्ये काढून अपंग नोकरदारांपुरतीच ठेवली. इंग्लंडात १९५२ साली एका बॅरिस्टराने घर ते कचेरी हा प्रवास धंद्याचा म्हणून मागून पाहिला. आपण घरीही रात्री कज्ज्यांचा अभ्यास करतो, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने मानले नाही.

म्हणजे ही गोष्ट विवरणपत्र भरताना नव्हे, मागणीपत्रक लिहितानाच ठरते. आणि येथेच आमच्या बांधवांनी सावध असावे. भत्ता वाढवून देतो, कर वाचेल, असे मालक गोड बोलून सांगतो आणि मूळ पगार तेवढाच ठेवतो. मूळ पगार खुंटला की भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी खुंटली. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत साधारणपणे बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करच पडत नाही. तेव्हा जो कर भरावाच लागत नाही तो वाचविण्यासाठी म्हातारपणची पुंजी देण्यात कसला आला फायदा? सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता फंडासाठी मूळ वेतनातच धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतनसंहितेनेही भत्त्यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापलीकडे गेल्यास वरचा भाग वेतनात धरण्यास सांगितले आहे.

आम्ही त्या प्रतिनिधीला एक वही घेऊन दिली. तारीख, कोठून कोठे, कोणत्या कामासाठी, निघतानाचा आणि पोहोचल्यावरचा मीटरचा आकडा, पेट्रोल, जंगर. सहा महिन्यांनी त्याच्यासारख्याच अकरा जणांच्या वह्या जमल्या. पगारवाढीची मागणी निराळ्या कागदावर आणि किलोमीटरमागे भत्त्याची मागणी निराळ्या कागदावर, असे घेऊन आम्ही बोलणी करावयास बसलो. मालकाच्या माणसाने पहिला प्रश्न केला, "दोन्ही एकत्र करू या का?" आम्ही नाही म्हणालो. भत्ता त्या दिवशी मान्य झाला. पगारवाढीला आणखी चार बैठका लागल्या.