राखणीच्या कुत्र्याचे गोचिडांपासून संरक्षण

मळ्यावर किंवा घरी राखणीसाठी कुत्रा नाही असे शेतकरी कुटुंब आपल्याकडे विरळाच. बैलास वैरणपाणी वेळेवर मिळते, गाईच्या पाठीवरून हात फिरविला जातो. कुत्र्याच्या वाट्यास मात्र उरलीसुरली भाकरी येते, आणि त्याच्या कानात एरंडीच्या बियांसारखे फुगलेले गोचीड लोंबू लागले तरी कोणाचे फारसे लक्ष जात नाही. कुत्रा म्हटला की गोचीड असावयाचेच, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत पुष्कळदा कुत्र्याच्या जिवावर बेतते.

गोचीड रक्त शोषितो ही हानी उघड दिसते व लहान पिलास तेवढीही पुरेशी होते. परंतु खरे भय रक्त शोषताना त्याच्या लाळेतून कुत्र्याच्या शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे आहे. एर्लिकिया व बबेसिया या नावांनी ते ओळखले जातात. कुत्रा खाणे सोडतो, अंग तापते, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येते किंवा लघवी तांबडी होते. यांपैकी एकही लक्षण दिसताच कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. वेळीच औषध मिळाल्यास पुष्कळ कुत्री बरी होतात. "दोन दिवस पाहू" असे म्हणण्यात मात्र वेळ निघून जातो.

औषध लावूनही गोचीड आठपंधरा दिवसांत परत येतात, अशी तक्रार शेतकरी नेहमी करतात आणि दोष औषधास देतात. दोष बहुधा औषधाचा नसतो. गुरांवरील नेहमीचा गोचीड पिलू असताना जनावरास चिकटतो व सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर राहून तेथेच वाढतो; पोट भरलेली मादी तेवढी अंडी घालण्यास खाली पडते. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडाची रीत निराळी आहे. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिलू कुत्र्याचे रक्त पिऊन खाली उतरते व आडोशास जाऊन कात टाकते. आठ पायांचे होऊन ते पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा उतरते आणि पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढते. शेवटी मादी उतरते, फटीत शिरते, काही हजार अंडी घालते व मरते. म्हणजे या गोचिडाचे बहुतेक आयुष्य कुत्र्यावर जात नाही. ते पडवीच्या भिंतीत, दाराच्या चौकटीमागे आणि कुत्रा निजतो त्या पोत्याखाली जाते. शिवाय त्याची प्रवृत्ती वर चढण्याची असल्याने कुडाच्या माथ्याशी व वाशांच्या सांध्यांतही तो दडून बसतो. पूर्ण वाढलेला गोचीड तेथे कित्येक महिने उपाशी राहू शकतो. कुत्र्याच्या अंगावर जे दिसतात, ते या सैन्यातील थोडेसेच होत.

तेव्हा कुत्रा व त्याची जागा या दोहोंचा बंदोबस्त एकाच दिवशी करावयास हवा. कुत्र्याच्या अंथरुणाचे जुने पोते जाळून टाकावे. भिंतीच्या भेगा व उंदरांची बिळे माती किंवा सिमेंटने लिंपून वर चुना द्यावा. राहिलेल्या फटींत पशुवैद्याने सांगितलेल्या औषधाची फवारणी जमिनीपासून आढ्यापर्यंत करावी. केवळ जमिनीवर फवारून भागत नाही. अंडी औषधाने सहसा मरत नाहीत व त्यांतून पुढे पिले निघतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी लागते. शेजारच्या घरी हे काम झाले नाही तर आपली मेहनत बरीचशी वाया जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संपूर्ण वाडीचा एकच दिवस ठरवून दिल्यास यश अधिक येते.

अंगावरील औषधाविषयी थोडे कडक लिहिणे भाग आहे. पिकावर फवारावयाचे कीटकनाशक जनावराच्या अंगास कदापि लावू नये. त्याने विषबाधा होऊन जनावरे दगावतात. पूर्वी वापरात असलेल्या बी.एच.सी. भुकटीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. ती कोणाच्या माळ्यावर पडून असल्यास बाहेर काढू नये. तंबाखूचा काढा कुत्र्यास विषारी ठरतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास लावल्यास मांजर मरते, आणि एकाच पडवीत दोन्ही नांदत असल्यामुळे ही चूक सहज होते. गाईच्या इंजेक्शनातील उरलेले औषध कुत्र्यास टोचण्याची पद्धतही सोडून द्यावी; काही जातींच्या कुत्र्यांस ते सोसत नाही. पशुवैद्य कुत्र्याचे वजन व वय पाहून अंगास लावण्याचे, पोटात देण्याचे किंवा गळपट्ट्याचे औषध सुचवितात. अंगास लावलेले औषध वाळेपर्यंत कुत्र्यास अंग चाटू देऊ नये.

चार-दोनच गोचीड असतील तर हाताने काढता येतात. कानाची आतली बाजू, गळपट्ट्याखालचा भाग, काखा, जांघा व पायाच्या बोटांमधील बेचके रोज पाहावे. बारीक चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ व सावकाश ओढावा. त्यास पिळू नये, चटका देऊ नये अथवा त्यावर रॉकेल ओतू नये. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात बुडवावा व हात स्वच्छ धुवावेत. आपल्याकडे बायाबापड्या दुपारच्या वेळी ओट्यावर बसून गोचीड नखाने चिरडतात, ते विशेष धोक्याचे आहे. काही जातींच्या गोचिडांतून क्रिमियन-काँगो हा रक्तस्रावी ताप माणसास होतो व चिरडलेल्या गोचिडाच्या रसातूनही तो लागू शकतो. गुजरातेत २०११ साली या तापाने माणसे दगावली आहेत.

कुत्र्यावरील तपकिरी गोचीड माणसास चावल्यास एक प्रकारचा टायफस ताप येतो व अंगावर, तळहातांवर आणि तळपायांवरही तांबडे पुरळ उठते. दक्षिण कोकणात आणखी एक भय आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. तो रानातील निराळ्या गोचिडांमुळे होतो. रानात चरून आलेली गुरे व त्यांच्यामागे हिंडणारी कुत्री हे गोचीड वस्तीपर्यंत आणू शकतात. म्हणून तेथे संध्याकाळी जनावर परतताच त्याचे अंग पाहावे. घरात कोणास ताप आल्यास गोचीड चावल्याची किंवा हाताळल्याची गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी. आपण होऊन सांगितल्याखेरीज ती त्यांस कळावयाची नाही.

फवारणी करताना हातमोजे घालावेत, तोंडास फडके बांधावे आणि गुरांची वैरण व पाण्याची भांडी झाकून ठेवावीत. उरलेले औषधी पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, कारण यांपैकी बहुतेक औषधे माशांस अत्यंत घातक आहेत.